मेघाच्या नावचं बोट

मनीषनगर, नागपूर
६ जानेवारी २०२५

नागसेनभाऊ,

जयभीम. पाकिटावर माझं नाव बघूनही तुम्ही ते फाडलं नाही, याबद्दल आधी आभार मानते. फोन तुम्ही मेहुणीचा म्हणजे माझा बंद केला, बायकोचा म्हणजे मेघाचा केला, शेजारच्या काकूंचासुद्धा केला. पण पोस्टमनला कोण बंद करणार? म्हणून ओडिशातल्या झारसुगुड्याच्या तुमच्या खाणीच्या मेसचा पत्ता मिळवला आणि शाळा सोडल्यापासून आज पहिल्यांदाच पत्र लिहायला बसले. शुद्धलेखन तपासू नका.

कामाचं आधी. तुमच्या मितूला सात पूर्ण झाली, आठवं चालू आहे. सिकलसेल तिच्या जन्मापासूनचा आहे, ते तुम्हाला सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी तुम्ही खाणीवर गेलात त्याच्या पुढच्याच महिन्यात तिच्या डोक्याच्या नसांची तपासणी झाली. त्यात रक्ताचा वेग फार निघाला. अशा मुलांना झटका येऊन हातपाय लुळे पडू शकतात, म्हणून तेव्हापासून तिला दर महिन्याला रक्त चढवतो. सुई मीच लावते. रामदासपेठेतल्या आमच्या हॉस्पिटलात मुलांच्या रक्तविकाराचा विभाग आहे, तिथे अजून माझीच खुर्ची आहे. शिकाऊ पोरं मला तिथे 'तीनदाताई' म्हणतात, कारण सुई लावण्याआधी मी प्रत्येकाला पूर्ण नाव तीनदा विचारते. हसू देत.

आता आमच्या खापेकर मॅडम म्हणतात, जन्मभर रक्त चढवत बसण्यापेक्षा मितूचा बोन मॅरो बदलू. हाडांच्या आत रक्त तयार करणारा जो मगज असतो, तो दुसऱ्याचा द्यायचा. सख्खं भावंड असतं तर उत्तम. ते नाही. पण आमच्या विभागात तीन वर्षांपासून एक अभ्यास चालू आहे, त्यात आईचा किंवा बापाचा अर्धा जुळणारा मॅरो देतात. आतापर्यंत नऊ मुलांचं केलं. आठ शाळेत जातात. नववा अजून वॉर्डातच आहे, पण पोहे मागून खातो.

मेघा एका पायावर तयार होती. तपासलं, तर नाही जमलं. इतक्या परक्या लोकांचं रक्त मितूला चढलं की तिच्या रक्तात आईच्याच पेशींना वैरी समजणारं काहीतरी तयार झालं आहे. मेघाचा मॅरो दिला तर मितूचं शरीर तो टिकू देणार नाही.

राहिलात तुम्ही. एक दिवस या, दंडातून दोन नळ्या रक्त द्या, परत जा. मेघाचं तोंड बघायचं नसेल तर नका बघू, मी तिला त्या दिवशी घरी थांबवीन.

कार्डाचा विषय मला काढायचा नाही. लग्नाच्या बोलणीत तुम्ही तुमचं पिवळं कार्ड टेबलावर ठेवलंत, आम्ही मेघाचं पांढरं ठेवलं. पिवळं म्हणजे वाहक, पांढरं म्हणजे स्वच्छ, आणि दोघांतलं एक पांढरं असलं की मूल लाल म्हणजे आजारी होत नाही, हे आमच्या पिंपळडोहची शेंबडी पोरंही सांगायची. मग नऊ महिन्यांच्या मितूचे हातपाय सुजले, तिचं लाल कार्ड आलं, आणि मेघाला पुन्हा तपासलं तर तीही पिवळीच निघाली. बेसाच्या तुमच्या घरी तुमच्या आई, सिंधूताई म्हणाल्या, "खोटं कार्ड दाखवून पोरगी खपवली." तुम्ही मला विचारलंत, कार्ड खोटं बनवलं का. मी तेव्हा जे उत्तर दिलं तेच आजही देते. आमच्या घरात कोणी खोटं कार्ड बनवलं नाही. घोळ कुठे झाला, कुणास ठाऊक.

उत्तर लिहा. नाहीतर सरळ या.

प्रेमिला

३ फेब्रुवारी २०२५

नागसेनभाऊ,

महिना झाला, तुमचं उत्तर नाही. मी तोंडाळ आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे दुसरं पत्र आलं याचं नवल वाटायला नको.

आधी एक गंमत. आमच्या विभागात फोनवर काजल नावाची मुलगी बसते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, दुपारच्या जेवणाच्या वेळेला, एक माणूस तिला फोन करतो. "मी मितूचा मामा बोलून राहिलो. तिचं हिमोग्लोबिन किती आलं जी?" काजल बिचारी सांगून टाकते. नियमात बसत नाही, पण मामाचा आवाज म्हणे फार काळजीचा असतो. आज पुन्हा फोन आला. तिनं मला विचारलं, "ताई, तुमचा भाऊ बाहेरगावी असतो का?"

मेघाला आणि मला भाऊ नाही. मितूला मामा नाही. हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? काजलला मी काही बोलले नाही. उलट सांगितलं, मामाला सगळं नीट सांगत जा.

तेव्हा हे पत्र मी त्या मामाला लिहिते आहे, असं समजा. मेघाच्या नवऱ्याशी माझं भांडण असेल, मामाशी नाही.

मागच्या आठवड्यात मितूची कंबर आणि मांड्या दुखत होत्या. तीन दिवस वॉर्डात होती. दुखणं जोरात असलं की ती रडत नाही, शिव्या देते. सलाइनच्या स्टँडला म्हणाली, "काहून पाहून राहिला बे माह्याकडं?" सगळा वॉर्ड हसला. तिसऱ्या दिवशी उठून बसली आणि मला विचारलं, "मोठीआई, बाबाचा मगज मले बसला तर माह्यं कार्ड कोणतं होईन?" मी म्हटलं, बाबासारखं, पिवळं. ती म्हणाली, "मंग माह्यं लालवालं वापस घ्या म्हणा." त्याच क्षणी मी ठरवलं, की तुम्हाला खरं सांगायचं.

ऐका. कार्ड खोटं नव्हतं. रक्त खोटं होतं.

२००४ साली एका संस्थेनं आमच्या गावच्या शाळेत सिकलसेलचं शिबिर घेतलं. मी पंधरा वर्षांची, मेघा दहाची. पहिल्या टेबलावर नाव लिहून चिठ्ठी मिळायची. चिठ्ठी घेऊन वर्गात जायचं, तिथे बोटाला टोचायचे, आणि बाहेर पडताना ग्लुकोजच्या बिस्किटांची एक पुडी मिळायची. मेघा सुईला एवढी भ्यायची की चिठ्ठी घेऊन हापशीमागे जाऊन बसली. बिस्किटं मात्र तिला हवीच होती. "ताई, तू दे ना माह्या नावचं," म्हणाली. मी थोरली. तिच्यासाठी भांडणारी मी, तिच्या नावचा मार खाणारी मी, मग बोट काय मोठं! आधी डाव्या हाताचं बोट माझ्या नावचं दिलं. मग पुन्हा रांगेत लागून उजव्या हाताचं मेघाच्या नावचं दिलं. टोचणारे दादा खाली मान घालून टोचत होते, वर बघायला त्यांना फुरसत नव्हती. दोन पुड्या घेऊन बाहेर आले. मेघानं तिची हापशीपाशीच संपवली.

पुढच्या महिन्यात दोन पांढरी कार्डं आली. दोन्ही माझीच होती.

म्हणून मी तीनदा नाव विचारते. म्हणून आमच्या विभागात रक्त देणाऱ्या प्रत्येक मुलाला आधी बिस्किटाची पुडी देते आणि मग सुई लावते, म्हणजे बिस्किटासाठी कोणी दुसऱ्याचं बोट पुढे करणार नाही. मॅडमना वाटतं मी मायाळू आहे.

मेघाला यातलं काही आठवत नाही. तिनं तुम्हाला फसवलं नाही. मलाही मितूचा रिपोर्ट हातात येईपर्यंत ही गोष्ट आठवली नव्हती. आठवल्यावर सांगायला जीभ वळली नाही, एवढाच माझा गुन्हा. शिक्षा मला द्या. पण या.

प्रेमिला

९ मार्च २०२५, रविवार

नागसेनभाऊ,

तुमचं कार्ड पोचलं. एवढ्या मोठ्या पोस्टकार्डावर एकच ओळ लिहिलीत: 'हे तुमाले नेमकं कवा आठवलं?' खाली सही नाही. सहीची गरजही नव्हती.

चार दिवस ते कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवता चिकटवता मी त्याला उत्तरं देत होते. एकाहून एक छान उत्तरं सुचली. सगळी खोटी होती.

मितूचा रिपोर्ट आला तेव्हा आठवलं, असं मी लिहिलं होतं. तसं नाही. तुमच्या-आमच्या बोलणीच्या दिवशी आठवलं.

तो दिवस तुम्हालाही आठवत असेल. आमच्या गावच्या घरी, ओसरीवर. भैय्याजी म्हणजे तुमचे बाबा, सिंधूताई, तुमचे दोन काका. कोणी विचारायच्या आत तुम्ही खिशातून पिवळं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणालात, "मी वाहक हावो. लपवून काही मतलब नाई. पोरीचं कार्ड पाहून घ्या, मंगच पुढचं बोला." माझा बाप त्या एका वाक्यावर तुमच्यावर भाळला. मला म्हणाला, जा वं, मेघाचं कार्ड आण. मी आत गेले, पत्र्याच्या पेटीतून कार्ड काढलं, त्यावरचं तिचं नाव वाचलं, आणि माझं उजव्या हाताचं बोट मला आठवलं. हापशी आठवली. मेघाच्या ओठावरचा बिस्किटाचा भुगा आठवला.

तेव्हा मी काही अडाणी नव्हते. लॅबचा कोर्स करून नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी मेघाचं रक्त नागपूरला आणून मी स्वतः तपासू शकत होते. चार दिवसांचं काम. पण बाहेर चहा झाला होता, माणसं हसत होती, तुम्ही मला आवडला होता, मेघा दाराआडून तुम्हाला बघत लाजत होती. मी मनाशी म्हटलं, मी स्वच्छ आहे तर तीही असेल. एकाच आईबापाच्या दोन पोरींचं रक्त सारखंच निघेल असं नसतं, हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते. तरी म्हटलं. आणि कार्ड नेऊन तुमच्या पिवळ्या कार्डाशेजारी माझ्या हातानं ठेवलं.

बोट दिलं ती पोरकट चूक होती. कार्ड ठेवलं ती चूक नव्हती. तो लबाडपणा होता.

त्या ओसरीवर खरं बोलणारे तुम्ही एकटेच होतात, आणि फळ तुम्हाला असं मिळालं. बेसाला तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी 'आमच्या घरात असलं करत नाही' म्हणून वर तुमच्यावरच डोळे वटारले. सिंधूताई मेघाला वर्षानुवर्षं बोलत राहिल्या, तुम्ही मान खाली घालून बसलात, शेवटी खाणीवर निघून गेलात, मेघा लेकरू घेऊन माझ्याकडे आली, आणि मी तिला जवळ घेऊन म्हटलं, असलीच असतात सासरची माणसं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली. तुम्हाला आणि तिला, दोघांनाही. नागसेनभाऊ, मला लाज वाटते. हे वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली.

हे पत्र पाकिटात घालण्याआधी मी मेघाला वाचून दाखवलं. आज दुपारी, गॅलरीत. ती मेथी निवडत होती. पहिल्यांदा म्हणाली, "म्हंजे म्या बिस्कीट खाल्लं म्हून?" मी म्हटलं, नाही गं बाई, तू दहा वर्षांची होतीस, तुझा काही दोष नाही. मग बोलणीच्या दिवसाचं वाचलं. तिनं मेथी बाजूला ठेवली, आत गेली आणि दार लावून घेतलं. आता चार वाजलेत. अजून उघडलेलं नाही.

मितूच्या तपासणीसाठी मॅडम एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबतील. त्यानंतर अभ्यासातली तिची जागा दुसऱ्या मुलाला जाईल. ते मूलही कोणाचं तरी आहे, त्यांना मी अडवणार नाही. तुम्ही माझ्यावर चिडून आला नाहीत तरी मी समजू शकते. फक्त माझ्यावरचा राग मितूवर काढू नका.

प्रेमिला

२६ एप्रिल २०२५

नागसेनभाऊ,

तुम्ही रजा पक्की करायला खाणीवर परत गेलात त्याला आज अठरा दिवस झाले. फोन आता सुरू केलात, तो मेघासाठी आणि मितूसाठी. मला लावायला तुम्ही सांगितलं नाही आणि मी लावणारही नाही. माझं आपलं पत्रच बरं.

तुम्हाला न दिसलेल्या गोष्टी सांगते.

पत्र टाकल्यावर मेघा माझ्याशी अकरा दिवस बोलली नाही. एकाच घरात राहून मितूमार्फत निरोप चालायचे. "मोठीआईले सांग, सिलिंडर संपलं." "मम्मीले सांग, माहीत आहे." मितूला त्यात फार मजा आली, मधल्यामधे ती स्वतःचेही निरोप घुसवायची. "मोठीआई, मम्मी म्हणते मले आइस्क्रीम घेऊन दे." बाराव्या दिवशी मेघानं माझ्या डब्यात लोणच्याची फोड जास्तीची टाकली. मी डबा हॉस्पिटलात उघडला आणि सगळ्यांसमोर रडले. माफ केलंय असं ती अजून म्हणालेली नाही. लोणचं मात्र रोज असतं.

७ एप्रिलला पहिला सोमवार होता. जेवणाची वेळ टळून गेली तरी काजलचा फोन वाजला नाही. ती दोनदा माझ्याकडे येऊन गेली. "ताई, आज मामाचा फोन नाई आला. बरे असतील ना?" मी तिला वरवर हो म्हटलं आणि मनात म्हटलं, संपलं. माझ्या पत्रानं तेवढाही धागा तोडला. तेवढ्यात ती तिसऱ्यांदा आली, मागे तुम्ही. धूळ भरलेले बूट, पाठीवर बॅग, स्टेशनवरून सरळ आलेले.

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. खुर्चीत बसलात, बाही वर केली, भिंतीकडे तोंड केलं. मी फॉर्म पुढे ओढला. मी म्हटलं, पूर्ण नाव? तुम्ही सांगितलंत. दुसऱ्यांदा विचारलं, सांगितलंत. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात आणि सावकाश म्हणालात, "मीच हावो. पाहून घ्या एकदा नीट."

मी पाहिलं. मग फॉर्मवरचा पुढचा रकाना विचारला, रुग्णाशी नातं? काजल दारातच उभी होती. तुम्ही तिच्याकडे बघून म्हणालात, "बाप." तिचं तोंड उघडं राहिलं. तुमच्या मागे ती मला विचारत होती, "ताई, मंग मामा?" मी तिला म्हटलं, मामा आता फोन करणार नाही.

पुढचं तुम्ही केलंत ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण मला ते लिहून ठेवायचं आहे. मी रिवाजाप्रमाणे तुमच्या हातात बिस्किटाची पुडी दिली होती. मेघाला मी घरी थांबवलं नव्हतं, तुम्ही येणार हेच कुठे ठाऊक होतं! ती मितूला रक्त चढवायला घेऊन बसली होती. तुम्ही दंड दाबून धरत पलंगापाशी गेलात. मितू झोपली होती. तुम्ही तिच्या पावलाला हात लावलात. मेघा उठून उभी राहिली, पदराशी चाळा करत. दोन वर्षांनी समोरासमोर आलेल्या नवराबायकोनं काय बोलावं? तुम्ही पुडी पुढे केलीत. "घे वं. तुहा रिवाजच हाये. रक्त दुसऱ्यानं द्याचं न बिस्कीट तू खायाचं."

मेघा हसली. मग रडली. मग पुन्हा हसली. मितू जागी होऊन म्हणाली, "बाबा, एवढा उशीर?" त्यावर तुम्ही काही रचून सांगितलं नाहीत, हे मला आवडलं.

निघताना माझ्या खुर्चीपाशी थांबलात. मला वाटलं, आता बोलणी बसतील. तुम्ही म्हणालात, "ताई, माफ करनं मले लवकर जमनार नाई. पन तुमी पत्र खोटं ठेवलं असतं तर मी आलोच नसतो." तेवढं मला पुरेल. तुमचं होईल तेव्हा होऊ द्या.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. काल रिपोर्ट आला. मॅडमनी दोनदा वाचला, मी तीनदा वाचला. मितूच्या रक्तात तुमच्याविरुद्ध काहीही सापडलं नाही. तुमचा मॅरो चालतो. भरतीची तारीख सोळा जून. त्याआधी तुमच्या स्वतःच्या तपासण्या, म्हणून दहाला या. लांबणारं काम आहे, तीन-चार महिने सोपे नसतील, लेकरू औषधांनी केस गळले की सलाइनच्या स्टँडला काय काय बोलेल ते मी आताच सांगू शकत नाही. यश लिहून कोणी देत नाही. पण नववा पोरगा परवा घरी गेला. जाताना त्यानं वॉर्डातल्या सगळ्यांना हात केला आणि पोह्यांचा डबा विसरला.

सिंधूताईंना रिपोर्ट सांगायला मेघा स्वतः बेसाला जाऊन आली. त्यांनी तिला आत बोलावलं, जेवायला वाढलं. मलाही घेऊन ये, असं तिला सांगितलं आहे. मी जाणार आहे आणि जे तुम्हाला लिहिलं तेच त्यांच्यासमोर बोलणार आहे. चपलेचा मार पडला तर कळवीन.

आणि हो, ती पुडी मेघानं फोडलेली नाही. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर स्टीलच्या डब्यात ठेवली आहे. मितू रोज खुर्चीवर चढून ती आहे ना, बघते. मेघा तिला म्हणते, बाबा आले की तिघं मिळून खाऊ. सवयीनं मी पुडीवरची तारीख वाचली. ऑगस्टपर्यंत चालेल. पण तुम्ही तेवढा उशीर लावू नका.

तुमची,
प्रेमिला